चषक हुकला, मग हंगाम वाया गेला का? हॉकी संघाचं यश मोजायची रीत

बारा संघांच्या स्पर्धेत अकरा संघ चषकाविना घरी जातात. त्या अकरांपैकी काहींचा हंगाम खरोखरच चांगला गेलेला असतो, काहींचा सपशेल फसलेला असतो. हे दोन गट वेगळे ओळखायचे कसे? ‘पोरं जीव तोडून खेळली’ एवढ्याने भागत नाही, कारण ते कुठल्याही पराभवानंतर म्हणता येतं. त्यासाठी नोंदवही लागते आणि तिचं पहिलं पान हंगाम सुरू होण्याआधी लिहावं लागतं.

आधी चषकाचंच वजन करा

समजा, बाद फेरीत समोर कोणीही आलं तरी तुमचा संघ दहापैकी सहा वेळा जिंकेल इतका सरस आहे. उपउपांत्य, उपांत्य आणि अंतिम हे तीन सामने ओळीने जिंकायचे, म्हणजे ०.६ × ०.६ × ०.६ = ०.२१६. स्पर्धेतला सर्वांत चांगला संघ असूनही पाच स्पर्धांतून साधारण एकदाच चषक हाती येईल. दहापैकी सात जिंकणाऱ्या संघालाही तीनातून जेमतेम एकदा.

त्यात शूटआऊटची भर. पुरुषांच्या २०१८ आणि २०२३ च्या विश्वचषकांचे अंतिम सामने, टोकियो ऑलिंपिकचा आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा, असे चारही अंतिम सामने ६० मिनिटांत बरोबरीत सुटले आणि निकाल शूटआऊटवर लागला. गोलपासून २३ मीटरवरच्या रेषेवरून सुरुवात, हातात ८ सेकंद, समोर एकटा गोलरक्षक. हे कौशल्यच आहे, त्याचा सराव करता येतो आणि करावाच. पण बाकीच्या ६० मिनिटांच्या खेळाशी त्याचं नातं फार थोडं आहे. शूटआऊटमध्ये गेलेलं सुवर्ण आणि मिळालेलं सुवर्ण यांवरून दोन संघांच्या वर्षभराच्या कामात फरक शोधू नका.

हे गणित सबब म्हणून मात्र वापरू नका. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा पुरुष संघ ऑस्ट्रेलियाकडून १-६ असा हरला. तिथे नशिबाचा काही संबंध नाही.

हंगामाआधीचं पान

या पानावर तीन गोष्टी लिहायच्या: किमान काय झालंच पाहिजे, काय अपेक्षित आहे आणि सगळं जुळून आलं तर कुठवर जाता येईल. तारीख घाला. प्रशिक्षक, कर्णधार आणि व्यवस्थापक अशा तिघांच्या सह्या घ्या आणि पाकीट बंद करा. पाकिटाचा आग्रह बालिश वाटेल. पण हंगाम संपल्यावर प्रत्येकाला आपलं मूळ लक्ष्य जे घडलं त्याच्या आसपासच आठवतं.

लक्ष्य ठरवताना आपण कुठून निघालो आहोत ते बघायचं. २०१८ च्या महिला विश्वचषकात आयर्लंडचा संघ जागतिक क्रमवारीत १६ वा असताना उतरला, अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि नेदरलँड्सकडून ०-६ असा हरला. सहा गोल खाऊनही तो त्यांचा मोठा विजय होता. तेच रौप्य नेदरलँड्सच्या महिलांना मिळालं असतं तर ती घसरण ठरली असती. भारताच्या महिला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला १२ व्या, म्हणजे शेवटच्या स्थानी होत्या. टोकियोत पहिले तिन्ही सामने हरूनही त्यांनी उपउपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाला १-० असं हरवलं आणि चौथं स्थान गाठलं. पदकतालिकेत रिओ आणि टोकियो या दोन्ही मोहिमांची नोंद सारखीच: शून्य.

किमान लक्ष्य स्थानात लिहा (‘उपउपांत्य फेरी’), अपेक्षित लक्ष्य खेळात लिहा (‘बरोबरीच्या संघांविरुद्ध डी-प्रवेशांत पुढे’; डी म्हणजे गोलसमोरचं अर्धवर्तुळ). बहुतेक संघ नेमकं उलटं करतात. किमान लक्ष्य ‘चांगला खेळ’ असं मोघम ठेवतात आणि अपेक्षित म्हणून थेट चषक लिहितात. मग चषक गेला की मोघम वाक्याच्या आडोशाला जाता येतं.

सामन्याचा तक्ता

एक कागद, चार रकाने, प्रत्येक सत्राचा एक. दोन माणसं बाजूला बसवा: एक बघून बोलेल, दुसरा लिहील. एकट्याने दोन्ही केलं तर लिहिताना खाली मान गेली की एक हल्ला सुटतोच. दोन्ही संघांसाठी नोंदवायच्या गोष्टी एवढ्याच:

– २३ मीटर रेषेच्या आत ताब्यातल्या चेंडूसह प्रवेश
– डी-प्रवेश
– गोलवर मारलेले फटके आणि त्यातले गोलच्या चौकटीत जाणारे
– पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीबद्दल मिळणारी, मागच्या रेषेवरून चेंडू आत देऊन गोल करायची संधी): मिळालेले, दिलेले आणि प्रत्येकाचं काय झालं
– कार्ड, मिनिटासह
– गोल, मिनिटासह

यापेक्षा जास्त मोजायला गेलात तर तिसऱ्या सामन्यापासून वही कोरी राहू लागेल.

सगळ्यात जास्त घोळ डी-प्रवेशात होतो. लांबून मारलेला चेंडू कुणाच्याही स्टिकला न लागता डीतून घरंगळत मागच्या रेषेपार गेला, तर तो प्रवेश धरायचा का? धरायचा नाही. आपल्या खेळाडूने डीत चेंडूला ताब्यात घेऊन स्पर्श केला किंवा त्या हल्ल्यातून पेनल्टी कॉर्नर मिळाला, तरच प्रवेश. तुम्हाला वेगळी व्याख्या हवी असेल तर खुशाल ठेवा, पण हंगामभर तीच ठेवा. तपासायला सोपी युक्ती आहे: एका सत्राचं चित्रीकरण दोन जणांना वेगवेगळं मोजायला द्या. आकड्यांत दोनपेक्षा जास्त फरक आला तर दोष डोळ्यांचा नाही, व्याख्येचा आहे.

आकडे वाचायचे कसे

समजा, तुमचे डी-प्रवेश २२, प्रतिस्पर्ध्यांचे १४ आणि सामना १-२ असा गेला. एका सामन्यावरून काहीच सिद्ध होत नाही. सहा सामन्यांत हेच चित्र दिसलं तर मधल्या फळीचं काम चोख आहे आणि अडतंय ते शेवटच्या फटक्याशी. अशा वेळी प्रवेशांची संख्या वाढवायला जाऊ नका. २२ प्रवेशांतून फटके किती आणि कॉर्नर किती निघाले ते बघा. फटके पुरेसे असतील पण चौकटीत जात नसतील, तर ते कोणत्या कोनातून मारले जातात हे डीच्या चित्रावर ठिपके देऊन पाहा. बहुतेक ठिपके मागच्या रेषेजवळ, बाजूला दाटलेले सापडतील. तिथून चौकट अरुंद दिसते आणि गोलरक्षक ती सहज झाकतो.

याच्या उलट प्रकार जास्त घातक: प्रवेश ९ विरुद्ध २०, निकाल १-० आपल्या बाजूने. हा उधारीचा विजय. गोलरक्षकाने खेचून आणलेला. अशा चार विजयांवर अंतिम फेरी गाठता येते, चषकही मिळू शकतो. म्हणूनच चषक मिळालेल्या संघानेही ही वही उघडली पाहिजे, पण तो उघडत नाही.

पेनल्टी कॉर्नरच्या टक्केवारीवर सगळ्यात जास्त वाद होतात आणि सगळ्यात कमी आधार तिलाच असतो. तुमच्या संघाची खरी क्षमता चारातून एक गोल करण्याची आहे असं धरा. वीस कॉर्नरमागे सरासरी ५ गोल यायला हवेत. पण निव्वळ योगायोगाने ते बहुतेक वेळा ३ ते ७ च्या दरम्यान कुठेही येऊ शकतात. म्हणजे तोच ड्रॅगफ्लिकर (कॉर्नरवर स्टिकने चेंडू ओढून गोलकडे भिरकावणारा खेळाडू), तीच घडण, आणि टक्केवारी एका स्पर्धेत १५, दुसऱ्या स्पर्धेत ३५. वीस कॉर्नरवरून ड्रॅगफ्लिकर बदलणं हा उतावळेपणा आहे. त्यापेक्षा टप्पे मोजा: चेंडू रेषेवरून नीट आत आला का, थांबवणाऱ्याने एका झटक्यात थांबवला का, फटका पहिल्या धावणाऱ्या बचावपटूला चुकवून गेला का. पहिले दोन टप्पे दहापैकी नऊ वेळा बिनचूक होत असतील तर थांबा, गोल येतील. होत नसतील तर ड्रॅगफ्लिकरला बोल लावण्यात अर्थ नाही.

दिलेल्या कॉर्नरची संख्या मात्र जास्त बोलकी असते. ती नशिबावर कमी आणि बचावाच्या सवयींवर जास्त अवलंबून असते. प्रत्येक कॉर्नरपुढे कारण लिहा: पायाला लागला, स्टिक आडवी घातली, मुद्दाम अडवलं. हंगामाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागापासून शेवटच्या एक-तृतीयांश भागापर्यंत हा आकडा प्रतिसामना ६ वरून ४ वर आला असेल, तर चषक असो नसो, बचावफळीने काम केलं आहे.

कार्डांची मिनिटं करा. हिरवं कार्ड २ मिनिटं, पिवळं किमान ५. हंगामात चार हिरवी आणि तीन पिवळी झाली तर ८ + १५ = २३ मिनिटं संघ दहा जणांनी खेळला. त्या मिनिटांत खाल्लेले गोल वेगळे काढा. पॅरिसच्या उपउपांत्य सामन्यात भारताचा बचावपटू अमित रोहिदास याला दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच लाल कार्ड मिळालं. भारताने उरलेला सगळा वेळ दहा जणांनी ग्रेट ब्रिटनला १-१ वर रोखलं आणि शूटआऊट ४-२ असा जिंकला. हे उदाहरण जिद्दीचं म्हणून सांगितलं जातं आणि ते तसं आहेच; योजना म्हणून सांगू नये.

शेवटच्या सत्रातले गोलही वेगळे काढा. खाल्लेल्या गोलांपैकी चौथ्या सत्राचा वाटा सरासरीने पाव असायला हवा. तो निम्म्याकडे झुकत असेल तर लगेच धावण्याचा सराव वाढवू नका. आधी बदली खेळाडूंची मिनिटं बघा. बहुतेकदा असं निघतं की सामना चुरशीचा झाला की प्रशिक्षक ठरलेला बदल लांबवतो आणि मधल्या फळीतले तेच तिघे शेवटची वीस मिनिटं मैदानाबाहेर येतच नाहीत.

प्रतिस्पर्ध्यांची तीन भागांत वाटणी

नवख्या संघावर ९-० असा एक विजय मिळाला की अख्ख्या हंगामाचा गोलफरक सुंदर दिसू लागतो. म्हणून सामने आधीच तीन गटांत टाका: आपल्यापेक्षा वरचे, बरोबरीचे, खालचे. गट हंगामाच्या सुरुवातीच्या क्रमवारीवरून ठरवा, निकालानंतर नाही. खालच्या गटाविरुद्ध फक्त एकच गोष्ट बघायची, गुण गमावले का. वरच्या गटाविरुद्ध अंतर कमी झालं का. खरा निवाडा मधल्या गटात होतो.

त्याच प्रतिस्पर्ध्याशी दोन वेगवेगळ्या वर्षी झालेली गाठ फार उपयोगी पडते. टोकियोत भारताचा पुरुष संघ साखळीत ऑस्ट्रेलियाकडून १-७ असा हरला. पॅरिसला त्याच ऑस्ट्रेलियाला ३-२ असं हरवलं. ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर १९७२ नंतरचा तो पहिलाच विजय. दोन्ही वेळा पदक कांस्यच होतं. फक्त पदक पाहणाऱ्याला तीन वर्षांत काही बदललं नाही असंच वाटेल.

‘अयशस्वी’ कधी लिहायचं

रीत खरी असेल तर तिच्यातून कधीतरी नकोसं उत्तरही निघालं पाहिजे. २०२३ च्या विश्वचषकात यजमान भारत न्यूझीलंडविरुद्ध आधी २-० आणि मग ३-१ असा पुढे होता. सामना ३-३ वर सुटला, शूटआऊटमध्ये गेला आणि संघ उपउपांत्य फेरीच्या आधीच बाहेर पडून संयुक्त नवव्या स्थानी राहिला. इथे शूटआऊटकडे बोट दाखवता येत नाही, कारण मुळात सामना तिथवर जायलाच नको होता. दोन गोलांची आघाडी हंगामात दोनदा गमावली तर तो योगायोग मानू नका. आघाडी घेतल्यानंतरच्या दहा मिनिटांतले डी-प्रवेश मोजून पाहा.

याशिवाय तीन वेळा सरळ ‘अयशस्वी’ लिहावं: किमान लक्ष्य हुकलं तेव्हा, मधल्या गटाविरुद्ध प्रवेश आणि दिलेले कॉर्नर हे दोन्ही आकडे गेल्या वर्षीपेक्षा बिघडले तेव्हा, आणि संघ पुढच्या वर्षासाठी पोकळ झाला तेव्हा. हा शेवटचा मुद्दा स्थान चांगलं आलं की हमखास दुर्लक्षिला जातो. दुसऱ्या गोलरक्षकाला महत्त्वाच्या सामन्यात किती मिनिटं मिळाली? दुसरा ड्रॅगफ्लिकर आहे का? पहिल्या अकरातले किती जण पुढच्या वर्षी असतील? उपांत्य फेरी गाठली पण सहा जण निघून जाणार आणि त्यांच्या जागी कुणीच तयार नाही, तर ते यश त्याच वर्षापुरतं लिहा.

शेवटची बैठक

ती पराभवाच्या रात्री घेऊ नका. आठवडा-दहा दिवस जाऊ द्या. क्रम ठरलेला ठेवा: आधी पाकीट उघडायचं, मग आकडे वाचायचे, मग बोलायचं. उलट क्रमाने गेलात तर सगळ्यात मोठ्या आवाजाचं मत आधी ठरतं आणि आकडे त्याच्यासाठी वेचले जातात. बैठकीत नवीन मापं आणायला बंदी. ‘पण चेंडू आपल्याकडे जास्त वेळ होता’ हे हंगामाआधी पानावर नसेल तर आत्ता मोजायचं नाही; हवं तर पुढच्या वर्षीच्या पानावर घाला.

निकाल स्थान, खेळ आणि संघाची घडण अशा तीन ओळींत वेगवेगळा लिहा, सरासरी काढू नका. ‘स्थान: हुकलं. खेळ: सुधारला. संघाची घडण: सुधारली’ हा एक पूर्ण आणि उपयोगी निकाल आहे. जिथे आकडा राहून गेला तिथे अंदाज न लिहिता ‘मोजलं नाही’ असं लिहा आणि त्या रकान्याची जबाबदारी पुढच्या हंगामासाठी कुणाकडे, त्याचं नाव शेजारी टाका.