जाड भिंत, स्लॅब आणि पत्रा : सोलापुरातल्या घरात-दुकानात वायफाय कसं बसवावं

"आतल्या खोलीत वायफाय यईना की ओ," असं म्हणत माणूस नव्या पेठेत जातो आणि सहा अँटेनांचा राउटर उचलून आणतो. महिन्याभरात तक्रार तीच राहते, डबा मात्र महाग झालेला असतो. वायफायचं बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं, हे इथे ध्यानात घेतलं जात नाही. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी मोबाइलचं उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचायला हवं, आणि मोबाइल एक दशांश वॅटच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी ताकदीने बोलतो. म्हणून डबा बदलण्याआधी त्याची जागा बदलून पाहा, आणि पैसे घालायचेच असतील तर आधी वायरीत घाला.

आधी इमारत ओळखा

सोलापुरात ढोबळमानाने तीन प्रकारच्या इमारती दिसतात आणि तिन्हींचं वागणं वेगळं.

जुन्या पेठांमधली माळवदाची घरं आणि वाडे. काळा दगड, माती नाहीतर चुना, भिंत हात-दीड हात जाड. अशा भिंतीतून लहर जवळजवळ जातच नाही. जी जाते ती दारा-खिडक्यांतून. त्यामुळे इथे नकाशा भिंतींचा न करता दारांचा करायचा. ओसरीतून माजघरात आणि माजघरातून स्वयंपाकघरात दारं एका रेषेत असतील तर राउटर त्या रेषेत ठेवा. निम्मं काम तिथेच होतं. वाड्याला चौक असेल तर चौकाकडे तोंड करून ओसरीत लावलेलं एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे राउटरला वायरीने जोडलेला वायफाय पसरवणारा जादा डबा, चारी बाजूंच्या खोल्यांना पुरतं. माळवद वरून मातीचं असल्याने वरच्या खोलीला मात्र वेगळी सोय लागते.

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडची स्लॅबची घरं. इथे आतल्या विटांच्या भिंती फारसा त्रास देत नाहीत. खरा अडथळा स्लॅब, कारण त्यात सळ्यांची जाळी आहे. तळमजल्यावरचा राउटर पहिल्या मजल्यावर कसाबसा पोहोचतो आणि गच्चीवरच्या खोलीत हात टेकतो. साधा नियम : मजल्याला एक ॲक्सेस पॉइंट, आणि तो जिन्याच्या जवळ. जिन्याची पोकळी लहरीलाही वाट देते आणि वायरीलाही.

तिसरा प्रकार पत्र्याच्या शेडचा. अक्कलकोट रोड एमआयडीसी किंवा पूर्व भागातले यंत्रमागाचे कारखाने, चादर-टॉवेलची गोदामं. पत्रा लहर बाहेर जाऊ देत नाही, उलट आत परतवतो. मोकळ्या गोदामात त्यामुळे सिग्नल लांबवर मिळतो, पण माग उभे असतील तर प्रत्येक लोखंडी सांगाड्यावर आपटून तीच लहर थोड्या-थोड्या उशिराने येते आणि गोंधळ करते. इथे ॲक्सेस पॉइंट मागांच्या डोक्यावरून, मोकळ्या दृष्टीच्या रेषेत लटकवा. पत्र्याला चिकटवून नको. त्यातला एक तोटा उष्णतेचा आहे, तो पुढे येईलच.

मग मोजा

अंदाजाने कधी खरेदी करू नका. अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही मोफत ॲप चालतं. आयफोनवर ॲपलचंच एअरपोर्ट युटिलिटी घ्या आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वायफाय स्कॅनर चालू करा. ॲप डीबीएम नावाचा एक उणे आकडा दाखवतं. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७० च्या पुढे अडखळायला लागतं, उणे ८० ला फोन नुसतं चिन्ह दाखवतो. दर १० डीबीला ताकद दहापटीने घटते, म्हणजे उणे ६० आणि उणे ८० यांत शंभरपट फरक आहे.

कागदावर घराचा कच्चा नकाशा काढा, प्रत्येक खोलीत छातीच्या उंचीवर फोन धरून थोडं थांबा, आकडा लिहा. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतं, दोन्हींचे वेगळे आकडे लिहा. दार उघडं आणि दार लावून, दोन्ही वेळा. दुकान असेल तर गिऱ्हाइकांच्या गर्दीतही एकदा मोजा, कारण माणसाच्या अंगातलं पाणी लहर शोषतं.

आता राउटर हलवा. बहुतेक घरांत फायबरवाला डबा जिथे वायर आत आली तिथेच लावून जातो : दारामागे, टीव्हीच्या पाठीमागे, नाहीतर लोखंडी कपाटावर. टीव्ही आणि कपाट म्हणजे पत्र्याच्या भिंतीच. डबा घराच्या मध्याकडे, माणसाच्या डोक्याच्या वर, चहूबाजूंनी मोकळा ठेवून पुन्हा मोजा. अनेकांचं काम इथेच संपतं आणि नवी खरेदी टळते.

वायर ओढा

ज्यांचं काम इथे भागलं नाही, त्यांच्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. दुकानात तुम्हाला रिपीटर दाखवतील, कारण तो प्लगात घातला की झालं. पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो जिथे सिग्नल नाही नेमक्या त्याच खोलीत लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? रिपीटर घ्यायचाच झाला तर अर्ध्या वाटेवर, उणे ६० च्या आसपासच्या जागी लावा. मेश संच, म्हणजे एकमेकांशी बोलून एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे, त्याहून बरा. त्यातही दोन डबे वायरीने जोडले तर खरा उपयोग.

वायर कॅट-६ घ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटरची मर्यादा आहे, घराला ती पुरून उरते. पूर्ण खोका ३०५ मीटरचा असतो. घरासाठी तेवढा लागत नाही, मीटरवर मिळते. फसवणूक इथेच होते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर कॅट-६ म्हणूनच विकली जाते. आतली एक तार ब्लेडने खरवडून पाहा : आतपर्यंत तांबूस दिसली तर तांबं, पांढरी चकाकी दिसली तर परत करा. ॲल्युमिनियमची वायर वाकवताना तुटते आणि तिच्यातून वीज पाठवली तर तापते.

वीज पाठवायची कारण ॲक्सेस पॉइंटला वेगळा प्लग द्यायची गरजच नसते. पीओई पद्धतीत याच वायरीतून वीजही जाते. मूळ मानकात स्विचचं (राउटरपासून अनेक वायरी फोडणाऱ्या डब्याचं) पोर्ट १५.४ वॅटपर्यंत वीज देतं, छतावरच्या साध्या डब्याला ती भागते. मात्र स्वस्तातले काही संच स्वतःच्या २४ व्होल्टच्या पद्धतीवर चालतात. त्यांचा डबा आणि दुसऱ्याचा स्विच एकमेकांना जोडण्याआधी दोन्हींवरचं लेबल वाचा.

लाइटच्या वायरीबरोबर एकाच पाइपात ही वायर घालू नका. घर बांधायला काढलं असेल तर स्लॅब टाकण्याआधी वायरमनला सांगून प्रत्येक मजल्याच्या मध्यापर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या. त्या वेळी खर्च किरकोळ असतो. नंतर तीच वायर प्लास्टिकच्या पट्टीत भिंतीवरून फिरवावी लागते आणि घरातल्यांचं त्यावरून बोलणं खावं लागतं.

दोन शेड किंवा दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर हवेतून नेऊ नये, वळवाच्या पावसात वीज पडली की दोन्हीकडची यंत्रं जातात. तिथे फायबर टाका, किंवा ५ गिगाहर्ट्झची एकमेकांकडे तोंड केलेली दोन उपकरणं लावा. मधे चिंच-लिंब येत नाही ना, हे आधी बघा.

चॅनेल नीट निवडा

चॅनेल म्हणजे पट्ट्यातल्या गल्ल्या. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे तीनच धरायचे : १, ६ आणि ११. ॲपमध्ये शेजाऱ्यांचे चॅनेल दिसतात. त्यातला कमी गर्दीचा घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केल्याने वेग वाढल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तुम्ही दोन शेजाऱ्यांच्या अंगणात शिरता. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. स्वयंपाकघराशेजारी फोन अडखळत असेल तर संशयित ओळखीचा आहे.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा केंद्र सरकारने २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणात परवानामुक्त केला. जागा भरपूर, वेग जास्त, पण भिंत कमी ओलांडतो. ३६ ते ४८ आणि १४९ च्या पुढचे चॅनेल निवांत चालतात. मधल्या चॅनेलांवर राउटरला रडारसाठी कान उघडे ठेवावे लागतात. रडार ऐकू आलं की त्याने जागा सोडायची. हे काही फक्त पुस्तकातलं नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापूर भागात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, त्यात ढग पाहायला सी-बँडचं रडार होतं, आणि हवामानाची तसली रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात.

६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी परवानामुक्तीचे मसुदा नियम मे २०२५ मध्ये निघाले. पण तुमचा फोन तो पट्टा पकडत नसेल तर त्या राउटरचे जादा पैसे आज देऊ नका.

सगळ्या डब्यांना नाव आणि पासवर्ड एकच द्या, म्हणजे फोन फिरताना स्वतः जवळचा पकडेल. आणि २.४ ची ताकद मध्यम करा. पूर्ण ताकदीवर ठेवलं तर फोन खालच्या मजल्याला चिकटून राहतो, वरचा डबा डोक्यावर असूनही.

मोबाइलची रेंज : बूस्टर नको

ऑनलाइन स्वस्तात मिळणारा सिग्नल बूस्टर घेऊ नका. टेलिकॉम कंपन्यांखेरीज कोणी तो बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये ते पुन्हा स्पष्टपणे बजावलं होतं. कारणही रास्त आहे : असला बूस्टर टॉवरकडे गोंगाट पाठवतो आणि गल्लीभरातल्या लोकांचे कॉल तुटतात.

त्याऐवजी फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये आणलं. तळघरातलं दुकान असो की वाड्याचं माजघर, वायफाय पोहोचलं की कॉल पोहोचला. वेगळे पैसे नाहीत.

प्रत्येक कामाला वायफाय कशाला?

बिलाचा छोटा प्रिंटर काउंटरवरच असेल तर ब्लूटूथ पुरे. पंधरा-वीस फुटांत त्याची काही तक्रार नसते. दिवे, तापमापक, दाराचे सेन्सर अशा बारीक वस्तूंना झिगबी ही कमी विजेची रेडिओ पद्धत बरी, कारण बॅटरी महिनोन्‌महिने टिकते. तीही २.४ मध्येच असते, म्हणून तिला १५, २० किंवा २५ नंबरचा चॅनेल द्या. हे वायफायच्या १, ६, ११ च्या मधल्या आणि पलीकडच्या फटींत बसतात.

गोदामात चादरींच्या गठ्ठ्यांना आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओने दुरून वाचता येणाऱ्या चिठ्ठ्या, लावायचे असतील किंवा शेतातल्या विहिरीवरच्या सेन्सरचा आकडा घरी आणायचा असेल, तर भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त आहे. परदेशी संकेतस्थळांवर मिळणारी ९०२-९२८ मेगाहर्ट्झची यंत्रं मात्र अमेरिकेसाठी असतात. इथे त्या भागात मोबाइल सेवा आहे. ती घेऊ नका. कोणतंही रेडिओ उपकरण घेताना ईटीए, म्हणजे सरकारी उपकरण-मान्यतेचा क्रमांक विचारा.

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना वायरच द्या. आठ कॅमेरे दिवसरात्र चित्र पाठवत बसले की वायफायला दुसरं काही करायला सवड उरत नाही.

ऊन, धूळ आणि वीज

बहुतेक घरगुती राउटरच्या पत्रकात चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली तर विचारूच नका. दुपारी बारानंतर नेट 'आपोआप' बंद पडत असेल तर कंपनीला फोन लावण्याआधी डब्याला हात लावून बघा. शेडमध्ये जास्त तापमानाला मान्य असलेलं, औद्योगिक किंवा बाहेर लावायचं मॉडेल घ्या आणि पत्र्यापासून किमान दोन-तीन फूट खाली टांगा. माग चालतात तिथे सुताची धूळ डब्याच्या फटी बुजवते. आठवड्याला एकदा मऊ ब्रशने झटका.

वीज गेली की इन्व्हर्टर असूनही राउटर क्षणभर बंद पडून पुन्हा चालू व्हायला वेळ घेतो. त्यासाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे राउटरला थेट जोडायची बॅटरी, मिळतो. घेताना ॲडॅप्टरवरचे आकडे बघा : बहुतेक राउटर १२ व्होल्टचे, काही ९ चे, आणि ॲम्पिअर यूपीएसचा राउटरइतका किंवा जास्त हवा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागेल, एकाला देऊन भागत नाही.

शेवटचं काम

राउटरच्या पानाचा मूळ ॲडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा आणि सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. दुकानात गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचं असेल तर गेस्ट नेटवर्क वेगळं काढा. बिलाचा कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकाचा फोन एकाच नेटवर्कवर नकोत. पैसे घेऊन वायफाय द्यायचा विचार असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली सार्वजनिक वायफायची पीएम-वाणी योजना बघा, त्यात चहाच्या टपरीवाल्यालाही परवाना न काढता हॉटस्पॉट चालवता येतो.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवा : 'वरची खोली', 'काउंटर', 'शेड २'. वायरमनचे पैसे पूर्ण चुकते करण्याआधी तोच पहिला नकाशा घेऊन त्याच खोल्यांत पुन्हा मोजा. आकडा उणे ६७ पेक्षा खाली घसरत असेल तर डबा हलवायला त्याच दिवशी सांगा, शिडी अजून घरात आहे तोवर.