नवी बोअर घेण्याआधी जुनी शोधा

शहराच्या पाणी खात्यात विंधन विहिरींचे अर्ज तपासण्याचं काम मी चोवीस वर्षं केलं. बोअर घ्यायचा परवाना मागायला रोज माणसं यायची. जुनी बोअर बुजवायचा परवाना मागायला मात्र महिनोन्‌महिने कुणी फिरकायचं नाही. म्हणून आज दोन्हींबद्दल लिहिते, पण बुजवण्याबद्दल जास्त.

आधी परवाना कशासाठी, ते नीट समजून घ्या. म्हणजे अर्जातला प्रत्येक रकाना आपोआप कळतो. पावसाचं पाणी माती, मुरूम आणि खडकाच्या भेगा यांतून गाळत, झिरपत खाली उतरतं. बोअर म्हणजे ही सगळी चाळणी ओलांडून थेट तळापर्यंत नेणारा सरळ रस्ता. वरची घाण त्या रस्त्यानं खाली गेली, तर ती तुमच्या हद्दीत थांबत नाही. लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्यानं शेकडो माणसं गेली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या सार्वजनिक पंपावर बोट ठेवलं. पुढं खोदून पाहिलं तेव्हा एका घराचा मैलाखड्डा त्या विहिरीपासून तीन फुटांच्या आत निघाला, आणि त्याच्या विटा कुजलेल्या होत्या.

अर्ज परत जातो तो बहुतेक वेळा नकाशामुळे. लोक स्वतःचं घर, स्वतःची सेप्टिक टाकी दाखवतात आणि शेजाऱ्याची विसरतात. कुंपणापलीकडे जाऊन विचारा. टाक्या, शोषखड्डे, गटारं, गोठा, इंधनाची टाकी, आजूबाजूच्या विहिरी हे सगळं मोजून दाखवा. पावलांनी नाही, टेपनं. सेप्टिक टाकीपासून १५ मीटर आणि शोषखड्ड्यापासून ३० मीटर अशी अंतरं पुष्कळ ठिकाणी मागतात. तुमच्या शहराचे आकडे नियमावलीत पाहून घ्या. रिगवाल्याचा परवाना चालू आहे का, तेही स्वतः तपासा. आणि परवाना हातात येईपर्यंत रिग दारात उभी करू नका. एकदा मशीन आलं की घाई सुरू होते, आणि घाईत जागा दोन मीटर इकडे-तिकडे सरकते.

खोदताना तुम्ही तिथं हजर राहायलाच हवं अशी एकच वेळ असते. बोअरची भिंत ढासळू नये म्हणून आत जो केसिंग पाइप उतरवतात, त्याच्याभोवती जी पोकळी राहते, ती सिमेंटच्या पातळ घोळानं किंवा बेंटोनाइट मातीनं भरायची असते. बेंटोनाइट ओली झाली की फुगते आणि फट बंद करते. ही भरणी झाली नाही, तर पाइप कितीही चांगला असू दे, पावसाचं पाणी त्याच्या बाहेरच्या अंगानं खाली उतरत राहतं. वरून पाहून हे कधीच कळत नाही. म्हणून तपासनिसाला भरणीच्या आधी बोलवा, नंतर नको.

त्याच दिवशी खोदाईची नोंद लिहून घ्या. किती मीटरवर कोणता थर लागला, पाणी कुठं लागलं, केसिंग किती उतरलं, एकूण खोली किती, सगळं. ही नोंद घराच्या कागदांबरोबर ठेवा. ती कशाला लागते, ते पुढं येतंच. पाणी वापरायच्या आधी क्लोरीन टाकून बोअर निर्जंतुक करा आणि नमुना तपासा. पाणी नितळ दिसलं म्हणून सोडू नका. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक डोळ्यांना दिसत नाहीत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे.

आता बुजवण्याबद्दल.

एक निवृत्त शिक्षक नव्या बोअरचा अर्ज घेऊन आले होते. नकाशा सुबक, अंतरं बरोबर. जागा पाहायला गेले, तर अंगणाच्या कोपऱ्यात एका फरशीवर मोठी कुंडी ठेवलेली. मी विचारलं, “सर, इथं खाली काय आहे?” ते म्हणाले, “जुनी बोअर आहे, पण ती केव्हाच आटली, मॅडम.” आम्ही कुंडी हलवली. खाली दीडशे मिलिमीटरचं उघडं तोंड, आणि सेप्टिक टाकी तिथून चार मीटरवर. मी त्यांना म्हटलं, आधी ही बंद करा, मग नवीन. त्यांना ते पटायला वेळ लागला. पाणी आटलं म्हणजे भोक नाहीसं होतं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

त्यांच्याकडे जुनी नोंद होती, हे नशीब. खोली ६० मीटर लिहिलेली. आम्ही दोरीला वजन बांधून सोडलं, तर ते २२ मीटरवर अडलं. जुना पंप दोरखंडासकट आत अडकला होता. नोंद नसती तर २२ मीटर हीच खोली समजून भरणी झाली असती आणि खालचे ३८ मीटर तसेच पोकळ राहिले असते. पंप काढायला दोन दिवस गेले. तो काढल्याशिवाय मी सही केली नाही, आणि आजही करणार नाही.

भरणीचा हिशोब स्वतः करा, अवघड नाही. १५० मिलिमीटर व्यास आणि ६० मीटर खोली म्हणजे साधारण १,०६० लिटर पोकळी. ५० किलो सिमेंटच्या पोत्यात २५ लिटर पाणी घातलं, की जवळपास ४१ लिटर घोळ होतो. म्हणजे पोती लागतील २६ च्या आसपास. भेगांत शिरला तर जास्त. कुणी आठ पोत्यांत तोंडापर्यंत भरून दाखवली, तर मध्ये कुठंतरी घोळ अडकून खाली पोकळी राहिली आहे, असंच समजा. वरून ओतू नका. बारीक पाइप तळापर्यंत सोडायचा, त्यातून घोळ ढकलायचा आणि घोळ चढेल तसा पाइप वर घ्यायचा, पण त्याचं टोक घोळात बुडालेलंच ठेवायचं. राडारोडा, कचरा, घरातलं तुटकं सामान आत टाकणं तर अजिबात नको. ते मध्येच अडकतं आणि सडतं.

भरणीला महिना लागणार असेल, तर तोवर तोंडावर लोखंडी झाकण वेल्ड करून घ्या. फरशी, पोतं, पत्रा पुरेसा नाही. १९८७ साली टेक्सासमधल्या मिडलँड गावात दीड वर्षाची मुलगी अंगणातल्या जेमतेम आठ इंची विहिरीत पडली. ती २२ फुटांवर अडकली होती, आणि बाजूनं दुसरा खड्डा खणून तिला बाहेर काढायला ५८ तास लागले. ती वाचली. प्रत्येक मूल वाचत नाही. म्हणून कुंडीखालचं ते उघडं तोंड पाहिलं, तेव्हा माझा आवाज चढला होता.

घोळ घट्ट झाला, की एक-दोन दिवसांनी पातळी पुन्हा पाहा. थोडी खचते, तेवढी वरून भरा. केसिंगचं वरचं टोक जमिनीखाली कापून त्यावर माती चढवायची, म्हणजे तिथं पाणी साचत नाही. मग घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून त्या जागेची अंतरं मोजा, नकाशावर टाका आणि किती पोती लागली त्याच्या नोंदीसह खात्यात द्या. बंद केल्याचा दाखला शिक्क्यानिशी मागून घ्या. तो मिळेपर्यंत काम पुरं झालेलं नसतं. सरांनी त्यांचा नकाशा मुलाच्या हातात दिला, तेव्हा त्यावर दोन खुणा होत्या: एक नव्या बोअरची आणि एक, लाल शाईत, बुजवलेल्या जुनीची.