डिजिटल बॅज देताना निकष मोजता येईल असा लिहा

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मुलाखतीला जाणाऱ्या मुलाच्या डिजिटल बॅजवर, म्हणजे कौशल्याच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर, नुसतं ‘सीएनसी ऑपरेटर’ (संगणक-नियंत्रित यंत्र चालवणारा) असून भागत नाही. त्याला नेमकं काय येतं ते सुपरवायझरला पाहायचं असतं. निकषाच्या रकान्यात लिहा: ‘ड्रॉइंग वाचून 25 मिमी व्यासाचा शाफ्ट ±0.05 मिमीत टर्न केला, मायक्रोमीटरने तपासला.’ पुरावा म्हणून जॉबचा फोटो आणि मोजमापाचा तक्ता जोडा. ड्राइव्हची लिंक सर्वांना दिसेल अशी ठेवा, नाहीतर समोरच्याला ‘परवानगी मागा’ एवढंच दिसतं. बॅज विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ईमेलवर पाठवा. कॉलेजचं खातं पुढे बंद होऊ शकतं. रेझ्युमेत स्क्रीनशॉट नको (तो काय, कोणीही बनवतो), पडताळणीची लिंक द्या. डिजिलॉकरमध्येही ‘इश्यूड’ विभागातलं प्रमाणपत्रच मूळ कागदाच्या तोडीचं. स्वतः अपलोड केलेली पीडीएफ नव्हे.