स्विमिंग पूलला नवीन टाइल्स लावण्याआधी करायची तयारी

आमच्या सोसायटीचा स्विमिंग पूल जुना झालेला, मागच्या वेळी कॉन्ट्रॅक्टरने जुन्या मोझॅकवरच नवीन टाइल्स चिकटवल्या आणि दोन वर्षांत त्या सुटायला लागल्या, एका पोरीचा पायाचा अंगठा चांगलाच कापला. म्हणून यंदा काम निघालंय तर सगळी तयारी इथे लिहून ठेवतोय.

आधी म्हणजे पूल रिकामा करायची घाई नको. भरलेला असतानाच बादली टेस्ट करा, पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आत-बाहेर लेव्हल सारखी करून मार्क करायची, पंप बंद, २४ तासांनी बघायचं. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर गळती आहे. मग तेच पंप चालू ठेवून करा, तेव्हा अजून जास्त उतरला तर पाइपलाइनवर संशय घ्या.

पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच पूल अजिबात रिकामा करू नका, जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकू शकते. डिसेंबर-जानेवारी बरं, पोहणारेही कमी असतात. १२ बाय ६ मीटरचा, सरासरी १.२ मीटर खोल पूल म्हणजे ८६ हजार लिटर पाणी, १० हजारी टँकर धरले तर जवळजवळ नऊ! ते गटारात सोडायचं नाही, आठवडाभर आधी क्लोरीन टाकणं बंद करा, क्लोरीन तपासायच्या किटवर शून्य आलं की बागेला द्या.

रिकामा झाला की त्याच दिवशी चारी बाजूंनी बॅरिकेड लावा, पोरं खेळत येतात हो. लाइटची वायर मेनवरून बंद.

आता खरं काम. हातात छोटी हातोडी घ्या आणि वीतभर अंतराने ठोकत जा. धरलेली टाइल टणटण वाजते, सुटलेली मडक्यासारखी बद्द वाजते, एकदा कान बसला की चुकत नाही. बद्द जागेला खडूने गोल करा. आमच्याकडे खोल बाजूची भिंत खडूने पांढरी झाली, तेव्हा सगळंच काढायचं ठरलं. काढताना पाणी मारत काढायला सांगा, धूळ छातीत जाते, मास्क हवाच. खालचं प्लास्टर बद्द असेल तर तेही काँक्रीटपर्यंत काढा. जुना एपॉक्सी पेंट असेल तर पूर्ण घासून काढायचा, त्याच्यावर सिमेंट धरत नाही. गुळगुळीत काँक्रीटला टाचे मारून, म्हणजे छिन्नीने खरबरीत करून, प्रेशर जेटने धुवा.

सफाईला अ‍ॅसिड शक्यतो नको. लागलंच तर आधी भिंत ओली करा, पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडात पाणी कधीच नाही, आणि वाफ खोल बाजूला साठते म्हणून एकट्या माणसाला खाली उतरवू नका. नंतर सोडा अ‍ॅशच्या (धुण्याच्या सोड्याच्या) पाण्याने धुवायचं.

तांबूस डाग दिसला की खणून बघा, आतली सळई गंजलेली असते. गंज ब्रशने काढून अँटी-रस्ट कोट, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल). भेगा व्ही आकारात उघडून भरा, मेन ड्रेन (तळाचं पाणी जायचं तोंड) आणि इनलेटच्या (पाणी आत यायच्या तोंडाच्या) कडा विसरू नका, गळती बऱ्याचदा तिथेच असते.

मग वॉटरप्रूफिंग करून घ्या, ते पूर्ण सुकल्यावर पूल भरून ७२ तास ठेवा, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारा, कडेला परत ती बादली ठेवा. दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं तरच टाइल्सचे बॉक्स उघडू द्या.