जर्मन कॉपीराइटचा इतिहास शिकताना: आधी भांडण, मग कलम

एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, जर्मन कॉपीराइटचा इतिहास घेणाऱ्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते. १९६५च्या, म्हणजे आजच्या कायद्यापासून सुरुवात करू नका. कलमं पाठ होतात, पण ती का आली ते कळत नाही. प्रत्येक कायद्यामागे आधी कोण नाडलं गेलं होतं, ते शोधा.

मूळ दुखणं चोरट्या छपाईचं. जर्मनी तेव्हा अनेक राज्यांत विभागलेला, त्यामुळे एका राज्यातलं पुस्तक शेजारच्या राज्यात बिनदिक्कत छापलं जाई आणि लेखकाला छदामही मिळत नसे. गटेसारख्या नामवंत जर्मन कवीलाही आपल्या समग्र साहित्यासाठी राज्याराज्यांकडून चोरट्या छपाईविरुद्ध सनदा मिळवाव्या लागल्या. ११ जून १८३७ला प्रशियाने, म्हणजे त्यातल्याच एका मोठ्या राज्याने, कायदा केला: लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ३० वर्षं संरक्षण. १८७०चा उत्तर जर्मन संघाचा (उत्तरेकडच्या जर्मन राज्यांच्या संघाचा) कायदा पुढे जर्मन साम्राज्यभर लागू झाला. १८७६च्या जानेवारीत चित्र-शिल्पांसाठी वेगळा कायदा आला आणि फोटोंसाठी वेगळा. फोटोला संरक्षण जेमतेम पाच वर्षांचं!

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क याच्या प्रकरणाने. ३० जुलै १८९८ला तो वारला. त्याच रात्री दोन फोटोग्राफर चोरून खोलीत शिरले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. मुलांनी दावा लावला. पण फोटोतल्या माणसाचा त्या फोटोवर हक्क असतो, असं सांगणारा कायदाच नव्हता. १८९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कुटुंबाच्या बाजूने दिला खरा, पण तो बेकायदा घुसखोरीच्या आधारावर. ही उणीव १९०७च्या कला व छायाचित्र कायद्याने भरून काढली. त्याच्या २२व्या कलमानुसार माणसाचं चित्र प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते, आणि मृत्यूनंतर दहा वर्षं नातेवाइकांची. बाकीचा बहुतेक कायदा १९६५मध्ये रद्द झाला, हे कलम मात्र आजही लागू आहे. निकाल आणि कलम शेजारी ठेवून वाचा, विषय आवडायला लागेल.

जुनी राजपत्रं फ्राक्टुर या जुन्या जर्मन अक्षरवळणात छापलेली आहेत. भाषांतरावर विसंबू नका, रोज थोडं मूळ वाचा. लांब ‘एस’ (‘एस’चं जुनं रूप) आणि ‘एफ’ सारखेच दिसतात, तेव्हा आडवी रेघ बघा: ‘एफ’ची दांड्याच्या आरपार जाते, ‘एस’ची असलीच तर डावीकडेच थांबते.