शिवनेरीला घरच्यांना घेऊन जाताना

पहिली तयारी तारखेची. थंडीचे दिवस, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सगळ्यात चांगले. पावसाळ्यात गड हिरवागार दिसतो, पण ओल्या पायऱ्यांवर म्हाताऱ्या माणसांचा जीव मुठीत असतो, आणि एप्रिल-मेमध्ये अकरा वाजताच कातळ तापतो. १९ फेब्रुवारीला शिवजयंती असते. त्या दिवशी गडावरचा उत्साह बघण्यासारखाच, पण गर्दीही तेवढीच. सोबत लहान मुलं आणि आजी असतील तर दुसरा एखादा दिवस धरा, तोही शक्यतो आठवड्यातला मधला वार.

दुसरी तयारी वेळेची, आणि हिच्यावर मी अडूनच बसेन. पुण्यापासून जुन्नर, म्हणजे गडाच्या पायथ्याचं गाव, साधारण ९५ किलोमीटर. नाशिक रस्त्याने नारायणगावपर्यंत जायचं आणि तिथून डावीकडे वळायचं. नकाशावर अंतर थोडं वाटतं, पण चाकणची कोंडी नकाशात दिसत नाही. मागच्या वेळी आम्ही नऊला निघालो आणि पायथ्याशी पोचेपर्यंत साडेबारा वाजले. ऊन डोक्यावर आलेलं. तिसऱ्या दरवाजाशी आई खाली बसली आणि म्हणाली, "तुम्ही जा रे, मी इथेच थांबते." चूक आमची होती, शिक्षा तिला झाली. आता आम्ही साडेपाचला घर सोडतो. मुलांना रात्रीच उद्याचे कपडे घालून झोपवायचं, सकाळी उचलून गाडीत ठेवायचं. दात नारायणगावात चहाला थांबू तेव्हा घासतील.

त्याआधीच्या आठवड्यात मुलांना गोष्ट सांगून ठेवा. नाहीतर वर गेल्यावर त्यांना नुसते दगड दिसतात. सोपी करून सांगितली तरी चालते. १६२९ साली निजामशाहीच्या दरबारात जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव मारले गेले. चहूकडे धामधूम, आणि जिजाऊ गरोदर. शहाजीराजांनी त्यांना या भक्कम गडावर ठेवलं. इथेच १९ फेब्रुवारी १६३० ला बाळ जन्मलं आणि गडावरच्या शिवाईदेवीवरून त्याचं नाव शिवाजी ठेवलं, असं सांगतात. मोठ्या मुलांना पुढचंही सांगा. ज्या गडावर महाराज जन्मले, तो त्यांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. तो शाहू महाराजांच्या काळात, १७१६ साली मराठ्यांकडे आला. माझा थोरला हे ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे त्यांना आपलं जन्मघर परत बघायला नाही मिळालं?" असा प्रश्न पोटात घेऊन मूल पायऱ्या चढलं की त्याला ओढत न्यावं लागत नाही.

आता पिशव्या. प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी, मोठ्यांना दीड लिटर, लहानांना निदान एक. गूळ-शेंगदाणे, खारका, लिंबाच्या फोडी आणि मिठाची पुडी खिशात. जेवणाचा डबा मात्र गाडीत राहू द्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा असं न आंबणारं काहीतरी, आणि ते उतरल्यावर सावली बघून खायचं. याला कारण माकडं. प्लॅस्टिकची पिशवी खुळखुळली की ती थेट हातावर झडप घालतात, म्हणून खाऊ कापडी पिशवीत, पिशवी सॅकमध्ये आणि सॅक मोठ्या माणसाच्या पाठीवर. दुसरी काळजी मधमाश्यांची. कड्यांना पोळी असतात आणि इथे लोकांना माश्या चावल्याचे प्रकार झालेले आहेत. उग्र अत्तर लावू नका, गडावर धूर करू नका, कुणी पोळ्याकडे दगड भिरकावत असेल तर त्याला तिथेच थांबवा. प्रत्येकाकडे एक मोठा सुती पंचा असू द्या. उन्हात डोक्याला होतो, माश्या उठल्या तर तोंड-मान झाकून निघून जायला होतो.

बूट जुने, पायात बसलेले. नवे बूट गडावर नेणं म्हणजे फोडांना आमंत्रण. आजीचा गुडघ्याचा पट्टा, काठी आणि रोजच्या गोळ्या वेगळ्या डबीत घाला आणि डबी आजीच्याच हातात द्या. शौचाला जाऊन यायचं ते पायथ्याशीच.

वाट कोणती घ्यायची याचा खल नको. साखळीची वाट, म्हणजे कातळाला लावलेल्या साखळीला धरून चढायची, ती अनुभवी लोकांना सोडा, घरच्यांना पायऱ्यांचीच. या वाटेवर एकामागून एक सात दरवाजे लागतात: महादरवाजा, पीर, परवानगीचा, हत्ती, शिपाई, फाटक आणि कुलाबकर. नावं कागदावर लिहून मुलांच्या हातात द्या. प्रत्येक दरवाजाला एक बोट दुमडायचं आणि दोन घोट पाणी प्यायचं. दम लागायच्या आत थांबणं होतं, आणि आजीला "आपल्यासाठी सगळे खोळंबले" असं वाटत नाही. शिपाई दरवाजा ओलांडला की उजवीकडे शिवाईदेवीचं देऊळ आहे. तिथे दहा मिनिटं टेका.

वर पोचल्यावर सगळं बघायचा हट्ट धरू नका. अंबरखान्याच्या, म्हणजे धान्याच्या कोठाराच्या, पडक्या भिंतींशी थांबून मुलांना एवढं सांगा, की १६७३ साली जुन्नरला आलेल्या जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरने लिहून ठेवलंय, हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढा शिधा या गडावर होता. मग गंगा-जमुना टाकी. वाकून बघा, कातळाच्या पोटात काळंशार, गार पाणी. शिवकुंज या स्मारकात जिजाऊ आणि बाळराजांचे पुतळे. त्यापुढे जन्मस्थानाची दुमजली इमारत. खालच्या खोलीत पाळणा आहे. धाकटीने तिथे मला खाली वाकवून कानात विचारलं, "बाळ झोपलंय का?" आणि बाहेर पडेपर्यंत चवड्यांवर चालत राहिली. या खोलीसाठी वेळ राखून ठेवा. फोटो नंतर निघतील.

समोर बदामी तलाव, आणि उत्तर टोकाला कडेलोट टोक. तिथे मुलांचं मनगट धरायचं, बोट नाही.

लेण्याद्री आणि ओझर जवळच आहेत, म्हणून "तेही उरकू" असं कुणीतरी म्हणणारच. लेण्याद्रीला पुन्हा तीनेकशे पायऱ्या आहेत. एका दिवसात दोन चढ आजीच्या गुडघ्यांना नकोत. ओझरचं दर्शन हवं तर परतताना घ्या.

एक रिकामी गोणपाटाची पिशवी घडी करून न्या. आपला कचरा तर खाली आणायचाच, वाटेत दिसलेल्या चार बाटल्याही उचला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात शिवनेरी आहे.

उतरताना एक मोठं माणूस सगळ्यात पुढे, एक मागे, आजी मधे. गुडघे चढताना नाही एवढे उतरताना बोलतात, तेव्हा घाई नको. मुलांना दरवाजे आता कुलाबकरपासून उलटे मोजायला सांगा, दुमडलेलं एकेक बोट उघडत.