दसरा काढायच्या आधी कसरीची तयारी

पितृपक्ष लागला की आपल्याकडं घरोघरी दसरा काढायची गडबड सुरू होते, वाकळा-गोधड्या गच्चीवर, पडदे बादलीत, पितळी भांडी चिंचेनं घासून लख्ख, आणि या सगळ्यात कागदांचं कपाट न् ठेवणीतल्या कपड्यांची पेटी तशीच राहते, लई तर वरून फडकं मारलं जातं. कसर, म्हणजे कागद-कापड कुरतडणारा तो चंदेरी किडा, नेमकी तिथंच बसलेली असते. म्हणून ही यादी, आणि क्रमानं, कारण लोक आधी स्प्रे मारतात, मग आवरतात, मग दिवाळीला मोरीत परत तेच चंदेरी काहीतरी पळायलंय म्हणून ओरडतात. औषध शेवटी, आधी ओल, एवढंच माझं म्हणणं आहे.

पहिलं काम म्हणजे ती कसरच आहे का याची खात्री. रात्री दिवे घालवून तासाभरानं मोबाईलचा टॉर्च घेऊन न्हाणीघर, सिंकच्या खाली, पुस्तकांच्या कपाटाचा तळ एवढं बघा. फार तर अर्ध्या इंचाचा चपटा किडा, डोक्याकडं रुंद आणि शेपटीकडं निमुळता, पुढं दोन लांब मिशा आणि मागं तीन केस, उजेड पडला की वळवळत सुसाट फटीत. पंख नसतात आणि कधी फुटतही नाहीत, पिल्लूही मोठ्यासारखंच दिसतं, फक्त पांढरट आणि बारीक. चिरडली तर बोटाला चंदेरी भुकटी लागते, ते तिचे खवले. गॅसजवळ किंवा फ्रिजच्या मागं गरम जागी करडी-ठिपकेदार दिसली तर ती तिची भाऊबंद, तिला ३२ ते ४१ अंशाची ऊब लागते, इलाज जवळपास तोच.

दिवसा खुणांवरून ओळखा. कसर कागद वरून खरवडते, म्हणून पान उजेडासमोर धरलं की ठिकठिकाणी पातळ झालेलं दिसतं, कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या, कुठं पिवळट डाग, कुठं मिरपुडीसारखे काळे कण. पुस्तकाला आरपार गोल गोल भोकं असतील आणि खाली भुसा पडत असेल तर तो भुंग्याच्या अळीचा उद्योग. भिंतीवर मातीची नळी चढलेली असेल तर वाळवी, आणि वाळवीला ही यादी लागू नाही, त्यासाठी माणूस बोलवावाच लागतो. लोकरीच्या शालीला भोकं दिसली तर बहुतेक वेळा ती कपडे खाणाऱ्या पतंगाची अळी असते, कसरीला लोकरीपेक्षा सुती आणि खळ घातलेलं कापड जास्त आवडतं. ती चावत नाही, रोगराई पसरवत नाही, त्यामुळं घाबरायचं कारण नाही, नुकसान आहे ते वस्तूंचं.

आता सापळे लावा, आणि हे आवरायला काढायच्या आठवडाभर आधीच, कारण एकदा सामान हललं की ती कुठं राहत होती तेच कळत नाही. लोणच्याच्या तीन-चार रिकाम्या काचेच्या बरण्या घ्या, बाहेरून तळापासून काठापर्यंत कागदी टेप गुंडाळा, आत ब्रेडचा तुकडा नाहीतर चिमूटभर कणीक, आणि एकेक बरणी न्हाणीजवळ, कपाटामागं, पेटीच्या बाजूला, माळ्यावर. टेपला धरून ती वर चढते, आत पडते, आणि गुळगुळीत काचेवर तिचे पाय टिकत नाहीत म्हणून बाहेर येत नाही (बेसिनमध्ये सकाळी अडकलेली सापडते ती पण यामुळंच, पाइपातून वर आलेली नसते). बरणीवर जागेचं नाव लिहून ठेवा. जी बरणी जास्त भरली त्या कोपऱ्यात ओल आहे असं समजा आणि तिथून सुरुवात करा.

ओलीचं जरा सविस्तर बोलू. घरातल्या नेहमीच्या चंदेरी कसरीला हवेत साधारण ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो, खाणं नसलं तरी ती कित्येक महिने काढते पण दमटपणा नसला तर तिचं काही खरं नाही. म्हणजे मराठवाड्याची हवा मुळात आपल्या बाजूनं आहे की ओ, मे महिन्यात पारा ४२ च्या वर आणि हवा अशी कोरडी की ओठ फुटतात, पण आपणच घरात तिच्यासाठी पावसाळा करून ठेवतो. एक म्हणजे बंद खोलीत रात्रभर कुलर. दुसरं म्हणजे साठवलेलं पाणी, नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही म्हणून जिन्याखाली, मोरीत, पलंगाच्या कडेला सुद्धा ड्रम, पिंप, हंडे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा साठवू नका म्हणायची कुणाची हिंमत नाही. फक्त ड्रमला घट्ट झाकण, खाली विटा लावून जमिनीपासून उचललेला, आणि कागदाच्या-कपड्याच्या कपाटाला चिकटून ठेवायचा नाही. कुलर आत ठेवायच्या आधी टाकी रिकामी करून पुसा, गवताच्या जाळ्या वाळवा नाहीतर टाकून द्या, ओल्या जाळीसकट कुलर माळ्यावर चढवला की खालच्या पेटीचं काय होणार ते सांगायला नको. गळका नळ, सिंकखालचा ओलसर कोपरा, गच्चीची गळती, पावसाळ्यात खोलीतच वाळत घातलेले कपडे, हे सगळं यात आलं. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढं ओढा म्हणजे मागं हवा खेळते.

फटी बुजवायचं काम ओल वाळल्यावर. शहाबादी फरशीचे सांधे, दरवाज्याच्या चौकटीच्या कडा, पाइप भिंतीत शिरतो तिथलं भोक, स्विचबोर्डाची सैल पट्टी, यात ती अंडी घालते, आणि अंडी फुटायला उबेप्रमाणं दोन आठवड्यांपासून दोन महिने लागतात. पांढरा सिमेंट आणि एक जुना चमचा एवढ्यावर हे भागतं. माळवदाचं घर असेल तर कोनाडे, देवळ्या आणि लाकडी तुळयांच्या खाचा आहेतच, त्या सगळ्या बुजवणं होत नाही, तिथून निदान कागद आणि कापड हलवा.

कागदपत्रांना स्वतंत्र दिवस द्या. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली तेव्हा निजामाच्या काळातले कागद किती मोलाचे ते आपल्या भागात सगळ्यांना कळलं, अन् नेमके तेच कागद जुन्या ट्रंकेत तळाला असतात, कडा खाल्लेले. आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, उर्दू असो मोडी असो, वाचता येत नसलं तरी काढा. मग मऊ कोरड्या ब्रशानं पानं एकेक करून झाडा, घडीच्या आतसुद्धा. कडक उन्हात पसरू नका, कागद पिवळा पडतो न् तुटतो, सावलीत पंख्याखाली ठेवा. जिथं फाटलंय तिथं कणकेची खळ लावून चिकटवू नका, ती खळ म्हणजे कसरीचं जेवण, पुस्तकाचा पुठ्ठा सुद्धा ती आतल्या खळीसाठीच पोखरते. जुने बाइंडर खळ शिजवताना त्यात मोरचूद टाकायचे ते याच कारणानं, पण मोरचूद विषारी असतो, घरात तो प्रयोग नको. लॅमिनेशनही नको, जुना कागद एकदा त्यात अडकला की परत सुटत नाही. कोऱ्या सुती कापडाच्या रुमालात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि डबा जमिनीवर नाही, फळीवर.

पुस्तकं उभी करून पानं उघडी ठेवून हवा द्या. एखाद्या जास्त लागण झालेल्या पुस्तकाला झिपच्या पिशवीत घालून, हवा काढून, डीप फ्रीजरमध्ये -१८ अंशाला आठवडाभर ठेवलं तर किडे-अंडी दोन्ही मरतात. साध्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याचा मात्र भरवसा नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर आत पाणी सुटतं. आणि बघा, लग्नपत्रिका, जुने कॅलेंडर, दिवाळीतले मिठाईचे खोके, टीव्हीचा थर्माकोल घातलेला पुठ्ठा, हे सगळं रद्दीवाल्याला द्या, पुठ्ठ्याच्या थरांत ती मजेत राहते.

कपड्यांत एक नियम: खळ घातलेलं काही पेटीत जायचं नाही. आजोबांचं धोतर, सुती साड्या, नेहरू शर्ट, आधी धुऊन खळ काढा, कडकडीत उन्हात उलटसुलट वाळवा, थंड झाल्यावर घड्या. वाकळांना गच्चीवरचं ऑक्टोबरचं ऊन दोन दिवस मिळालं तर आणखी कशाची गरज पडत नाही. पैठणी आणि हिमरूची शाल उन्हात टाकायची नाही, सावलीत हवा द्या, मलमलच्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, तीन-चार महिन्यांनी घडी बदला. कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळलेलाच ठेवायचा, ओला पाला ठेवला की बुरशी. वेखंड, लवंग, कापूर ठेवा, पण वासानं ती फार तर दुसऱ्या कोपऱ्यात जाते, मरत नाही. डांबर गोळ्या लहान बाळाच्या कपड्यांत अजिबात नकोत, काही बाळांमध्ये त्यानं रक्तपेशी फुटून कावीळ होते.

एवढं झालं, फळ्या रिकाम्या आणि कोरड्या आहेत, तर आता बोरिक पावडर. मेडिकलवर मिळते. फटीत, कपाटामागं, न्हाणीच्या उंबऱ्याच्या कडेला अगदी दिसेल न दिसेल इतका पातळ थर, जुन्या रंगाच्या ब्रशानं. ढीग घातला की ती वळसा घालून जाते. लेकरं रांगतात तिथं, पिठाच्या डब्यांजवळ, कुत्र्या-मांजराच्या वाटेवर टाकायची नाही, हात धुवायचे. झुरळांच्या जेलवर कसरीसाठी भिस्त ठेवू नका, ते झुरळांसाठी केलेलं असतं. पेस्ट कंट्रोलवाला बोलवायचाच असेल तर त्याला सांगा की फटींत आणि भिंतीच्या कडेला मार, पुस्तकांवर-कपड्यांवर नाही, औषधाचं नाव बिलावर लिहून घ्या, माशांची टाकी झाकून तिचा पंप बंद ठेवा, आणि वास जाईपर्यंत लेकरं शेजारी.

घटस्थापनेच्या आधी सामान परत लावून घ्या, पण बरण्या लगेच उचलू नका. फटीतली अंडी अजून फुटायची असतात, म्हणून तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे साधारण दिवाळीच्या फराळाच्या सुमारास, बरण्या परत बघा. पांढरट बारीक पिल्लं सापडली तर त्याच कोपऱ्यात पावडरीचा आणखी एक हात आणि तिथली ओल कुठून येतेय त्याचा परत शोध. काहीच नाही सापडलं तर बरण्या धुऊन ठेवा, पुढच्या मृगाला लागतीलच.